मगरीच्या पंचांगाने: नदीकाठच्या गावात वन्यजीव महोत्सव कसा भरवावा

आमचं गाव महाडच्या खाली, सावित्रीच्या काठावर. लहानपणी घाटावर कपडे धुताना आजी अधूनमधून पाण्याकडे नजर टाकायची आणि काही न बोलता आम्हाला दोन पायऱ्या वर ओढायची. त्या नदीतल्या मगरी बघायला आता मुंबई-पुण्याहून लोक येतात. गेली काही वर्षं आम्ही काही जण शिमग्याच्या आगेमागे दोन दिवसांचा छोटासा नदी-महोत्सव करतो. ‘आमच्या गावात असं करायचं तर सुरुवात कुठून?’ असं विचारणारे फोन येतात. दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

सगळ्यात आधी एक अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. पाहुण्यांसाठी सोयीचा काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च. थंडी ओसरलेली, पाऊस नाही, नदीचं पाणी उतरलेलं, वाळूचे पट्टे उघडे. नेमका हाच नदीतल्या जिवांच्या विणीचा काळ. मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या उतारावर खड्डा करून अंडी घालते. नदीसुरय आणि टिटव्या उघड्या वाळूवर, खड्यांवर अंडी घालतात. म्हणजे आपण पाहुणे बोलावतो ते बाळंतघरात. हे डोक्यात पक्कं असेल तर महोत्सव जमतो. नसेल तर ती जत्रा होते, आणि जत्रा भरवायला गावात देवळं आहेत.

पहिलं काम: वर्षभर आधी नदीची वही

मंडप, पाहुणे, बॅनर यांचा विचार करण्याआधी एक जाड वही घ्या. आपल्या हद्दीतली चार-पाच किलोमीटर नदी एका कागदावर हाताने काढा: घाट, धक्का, पूल, डोह, खाजण (भरतीचं खारं पाणी शिरतं ती जमीन), जुवे (नदीतली बेटं), वाळूचे पट्टे, तिवरांची रांग, सांडपाणी येतं ती जागा. मग आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, तेवढ्या पट्ट्यातून चक्कर मारा आणि काय दिसलं, कुठे दिसलं, किती वाजता, भरती होती की सुकती (ओहोटी), एवढं लिहा.

माहिती विचारायची कोणाला? मी पहिल्या वर्षी दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्या मंडळींना विचारत बसलो. त्यांना पक्ष्यांची नावं येत होती, पण मगर रात्री कुठे असते हे माहीत होतं ते पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्यांना. तेव्हा भोई, कोळी, म्हशी धुवायला आणणारी पोरं, घाटावर रोज येणाऱ्या बाया, होडीवाले यांच्याकडे आधी जा. एकटं भेटा, चहा घ्या, वही बाहेर काढू नका. वही दिसली की माणसं सरकारी उत्तरं देतात.

नावांची एक गंमत इथेच मिटवून टाका. आमच्याकडे बरेच जण मगरीला ‘सुसर’ म्हणतात. खरी सुसर म्हणजे लांब निमुळत्या थोबाडाची, मासे खाणारी, उत्तर भारतातल्या चंबळसारख्या नद्यांतली. कोकणातल्या नद्यांत आहे ती मगर. फलकावर ‘सुसर’ छापलंत तर बाहेरून येणारा माहीतगार हसेल. गावकऱ्यांना मात्र दुरुस्त करत बसू नका. ‘आमच्याकडे सुसर म्हणतात ती ही मगर’ एवढं लिहिलं की दोघांचंही समाधान होतं.

मोजणी करायची तर डिसेंबर-जानेवारीत. गार सकाळी मगरी ऊन खायला बाहेर येतात आणि तासन्‌तास हलत नाहीत. एकाच दिवशी, एकाच वेळी, नदीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर माणसं बसवून मोजा, म्हणजे एकच मगर दोनदा धरली जात नाही. लांबीचा अंदाज लोक नेहमी वाढवून सांगतात. तीन मीटरची मगर गावात पोहोचेपर्यंत बारा-पंधरा फुटांची झालेली असते. म्हणून वहीत फक्त ‘पिल्लू, मधली, मोठी’ असे तीनच रकाने ठेवा.

पाणमांजर (काही ठिकाणी ऊद म्हणतात) बहुधा दिसणार नाही, पण त्याच्या खुणा सापडतील. पाण्यालगतच्या ठरावीक खडकांवर माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे असलेली विष्ठा दिसते, आणि तिला सुक्या मासळीसारखा वास येतो. असा खडक सापडला तर नकाशावर नोंदवा, पण महोत्सवाच्या माहितीपत्रकात छापू नका.

तारीख: सुट्टी बघायच्या आधी तिथी बघा

महोत्सव बुडतो तो बहुतेक इथेच. समिती बसते, आमदारसाहेबांची वेळ बघते, शाळेच्या परीक्षा बघते, तारीख ठरते. नदीची वेळ कोणीच बघत नाही.

मगर बघायची तर सकाळची वेळ लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेसात ते दहा हा चांगला काळ, त्यानंतर ऊन चढतं आणि ती पाण्यात जाते. शिवाय खाडीच्या टापूत पाणी उतरलेलं हवं, कारण भरतीत चिखलाचे काठ बुडलेले असतात आणि मगरीला टेकायला जागाच नसते. म्हणजे सुकती सकाळी हवी. हे दोन्ही जुळणारे दिवस महिन्यात मोजकेच असतात.

त्यासाठी अ‍ॅप लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दोनाचे पाऊण, म्हणजे दीड वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता. भरतीच्या आधी सहा-सव्वासहा तास पूर्ण ओहोटी. म्हणजे द्वितीयेला साधारण सव्वासातला आणि चतुर्थीला पावणेनऊला पाणी सर्वांत खाली. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. मात्र ही वेळ समुद्राच्या तोंडाशी असते. नदीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. तुमच्या धक्क्यावर किती उशीर होतो ते कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही. एक लांब काठी चिखलात रोवा, तिच्यावर वीतवीतभर अंतराने खडूच्या खुणा करा आणि एखाद्या रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने कोणती खूण बुडाली ते बघा. एका दिवसात उत्तर मिळतं. आमच्याकडे हे काम दहावीतल्या दोन मुलींनी केलं. त्यांची ती काठी अजून धक्क्यापाशी आहे.

म्हणून माघ-फाल्गुनातल्या दोन्ही पक्षांतल्या द्वितीया ते चतुर्थी बघा आणि त्यांतली शनिवार-रविवारला लागून येणारी जोडी निवडा. दोन-तीन पर्याय निघतातच. मग चाळणी लावा. दहावी-बारावीचे पेपर चालू असतील तर स्वयंसेवक मिळणार नाहीत. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते, त्या दिवसांत होडीवाला सोडाच, एक पोरगं हाती लागणार नाही. रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला, तिच्या आदल्या दिवसांतला मुहूर्त धरलात तर रंगाच्या बादल्या घाटावर येणार हे गृहीत धरा. महाड परिसरात असाल तर 19 आणि 20 मार्च पूर्ण सोडा. 1927च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा तो स्मरणदिन. दूरदूरहून लोक येतात, गाड्या, मुक्काम, पोलीस बंदोबस्त सगळं तिकडे असतं आणि असायलाच हवं. 3 मार्चचा जागतिक वन्यजीव दिन, 14 मार्चचा नद्यांसाठीचा दिन, 22 मार्चचा जल दिन या तारखा कागदावर छान दिसतात. पण त्या दिवशी सुकती दुपारी असेल तर फक्त भाषणं होतील.

एप्रिलमध्ये महोत्सव नको. माझं हे मत समितीत अजून सगळ्यांना पटलेलं नाही, कारण एप्रिलमध्ये सुट्ट्या लागतात आणि चाकरमानी गावी येतात. पण तोवर वाळूवर अंडी असतात. नदीसुरयीला दहा मिनिटं घरट्यावरून उठवलं की दुपारच्या उन्हात अंडी तापतात, आणि वर घार, कावळा टपलेले असतात.

परवानग्या

यात फार लिहिण्यासारखं नाही, फक्त वेळेवर सुरुवात करा, म्हणजे तीन महिने आधी. पहिला अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे. त्यांना परवानगीपुरतं गाठू नका, आधीची वही घेऊन जा. मग ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, पोलीस ठाणं, आणि प्रवासी होड्यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. होडीचा परवाना, माणसांची मर्यादा आणि विमा हे होडीवाल्याच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका, कागद बघा.

कायद्यातली एक गोष्ट समितीतल्या प्रत्येकाला माहीत हवी. मगर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणं येत नाही. प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. तेव्हा ‘मगर बाहेर येत नाही, कोंबडीचं आतडं टाकू का?’ असं कोणी उत्साहाने विचारलं तर त्याला हे वाक्य ऐकवा. कायदा बाजूला ठेवला तरी, माणूस दिसला की खायला मिळतं हे मगरीला शिकवणं म्हणजे घाटावरच्या बायांच्या जिवाशी खेळ आहे.

होड्या, आणि एका चिखलाची गोष्ट

खर्चाचा आणि धोक्याचा मोठा भाग होड्यांचा, म्हणून इथे जरा थांबतो.

दुसऱ्या वर्षी मी स्वतः एका होडीत होतो. नऊ पाहुणे, तांडेल (होडी चालवणारे) आमच्याच आळीतले मामा. समोरच्या काठावर एक मोठी मगर पसरलेली. एका पाहुण्याने मोठी लेन्स लावली होती, त्यांना आणखी थोडं जवळ हवं होतं. मामा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, ती हलवायला नको होती. होडी पुढे सरकली, मगरीने तोंड मिटलं, एकदा शेपूट वळवलं आणि चिखलावरून घसरत पाण्यात गेली. तिला बघण्याच्या नादात सुकती कुठवर उतरली याचं भान राहिलं नाही आणि होडी चिखलात बसली.

आता पाणी चढेपर्यंत बसायचं. मामा इंजिन बंद करून म्हणाले, “मंडळी, आता गप बसा. नदी सोडंल तेव्हा सुटायचं.” पहिली दहा मिनिटं लोक चिडले, मग फोनला रेंज नाही म्हणून गप्प झाले. वीसेक मिनिटांनी त्याच काठाखाली पाण्यावर दोन टोकं दिसली: नाकपुड्या आणि त्यांच्या मागे डोळे. कितीतरी वेळ ती तशीच होती. मग पुढचे पाय चिखलात रोवत ती वर आली, चार पावलं चालली, पोट टेकलं आणि हळूहळू तोंड उघडलं. उघडं तोंड म्हणजे राग, असं बहुतेकांना वाटतं. ती डोकं थंड ठेवायची तिची पद्धत. जबड्यातला फिकट पिवळा रंग, त्यावर बसलेली एक माशी, आणि मानेवरच्या खवल्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडत जाताना आम्ही पाऊण तास बघितला. त्या लेन्सवाल्या गृहस्थांना हवा होता तो फोटो तिथे मिळाला.

आमचे होडीचे सगळे नियम त्या चिखलातून आले:

- फेरी सुकतीबरोबर खाली जायची आणि पाणी तळाला जायच्या आत परत फिरायची. वेळ तांडेल ठरवतो, आयोजक नाही.
- मगर दिसली की लांबूनच इंजिन बंद. पुढे वल्ह्याने किंवा नुसतं वाहत जायचं. थेट तिच्या दिशेने नाक करायचं नाही, काठाला समांतर जायचं.
- एका मगरीपाशी एका वेळी एकच होडी. दुसरीने वळणाआड थांबायचं.
- मगर तोंड मिटून डोकं उचलते, पुढचे पाय सावरते, म्हणजे ती अस्वस्थ झाली आहे. तिथेच थांबायचं, हळूच मागे यायचं. ती पाण्यात घसरली तर चूक आपली.
- हात, पाय, चपला, मुलांचे हात पाण्यात नाहीत. लाइफ जॅकेट सगळ्यांना, तांडेलालासुद्धा. तांडेल ते घालायला कुरकुरतात, पण ते घालतात तेव्हा पाहुणे न सांगता घालतात.
- ड्रोन नाही.

प्रत्येक होडीवरच्या माणसाने एक आकडा लिहायचा: आज किती मगरी आपल्यामुळे पाण्यात घसरल्या. किती दिसल्या हा आकडा बातमीसाठी, घसरल्याचा आकडा आपल्यासाठी. संध्याकाळच्या बैठकीत आधी तो वाचायचा. ज्या होडीचा आकडा जास्त तिला दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरी नाही. होडीवाल्यांत यावरून आता चुरस लागते.

माणसं किती?

हा हिशेब उलटा करायचा. किती लोक येतील हे सोडा, नदी किती सोसेल ते बघा. समजा पाच होड्या, प्रत्येकीत आठ पाहुणे, सकाळच्या सुकतीत दोन फेऱ्या. झाले ऐंशी. दोन दिवसांचे एकशे साठ. तेवढीच नोंदणी घ्या आणि नंतर ‘जागा नाही’ म्हणायला शिका. हे म्हणणं फार कठीण जातं, विशेषतः कोणी ओळखीचा फोन लावतो तेव्हा. आम्ही त्यावर तोडगा काढला. काठावर, पाण्यापासून बऱ्याच उंचावर, झाडांच्या आडोशाने दुर्बीण लावून एक बैठक ठेवली. ज्यांना होडी मिळाली नाही ते तिथून बघतात. खरं सांगायचं तर तिथून दिसतंही जास्त. शेकाट्या लाल पायांनी चिखल तुडवतात, कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत राहून धोंड्यासारखा खाली पडतो, पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात, आणि या सगळ्यांच्या मधोमध मगर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली असते.

वाटाडे गावातलेच

बाहेरून तज्ज्ञ आणा, पण शिकवण्यासाठी. पाहुण्यांबरोबर जाईल तो गावातलाच. नोव्हेंबरपासून दर रविवारी दोन तास, दहा-बारा जणांना, पुरे होतं. पक्षी ओळखणं महिनाभरात येतं. अवघड असतं ते ‘मला माहीत नाही’ म्हणणं आणि गप्प बसणं. आमचा एक मुलगा पहिल्या फेरीत इतका बोलला की पाहुण्यांनी त्यालाच बघितलं, नदी बघितलीच नाही. आता नियम आहे: निघण्याआधी धक्क्यावर पाच मिनिटं बोलायचं, होडीत फक्त बोट दाखवायचं, उरलेल्या गप्पा परतल्यावर चहाला.

बायकांना यात घ्या. घाटावर निम्मं आयुष्य गेलेल्या बाया मगरीच्या सवयी जितक्या जाणतात तितक्या कोणी जाणत नाही. ‘मगर कुठल्या घाटावर, कुठल्या वेळी येते आणि आम्ही कसं सांभाळतो’ हे एका काकूंनी धक्क्यावर उभ्याने सांगितलं, त्या वेळी मुंबईचे पाहुणे माना खाली घालून ऐकत होते. कारण तोवर त्यांच्यासाठी ती फक्त बघायची वस्तू होती.

मुक्काम आणि ताट

यात नवीन काही शोधायची गरज नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघून या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे 2002च्या सुमारास समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006पासून कासव महोत्सव सुरू झाला. गावात मोठं हॉटेल नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, पडवीत झोपतात, पानावर बसून जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरीमागे उभे राहून पिल्लं समुद्रात जाताना बघतात. कधी पिल्लं निघत नाहीत, कधी दोनच निघतात. तरी लोक पुन्हा येतात. कासव राखलं तर घरात चार पैसे येतात हा संबंध तिथे प्रत्येक घराला कळलेला आहे.

आमच्याकडे ताटात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, सोलकढी. मासे हवेतच, पण कुठले याचा विचार करा. रायगडात आलेला पाहुणा जिताडा मागतोच. तो मिळाला तर ठीक, न मिळाल्यास बोय, कोलीम, चिंबोरी. अंडी धरलेली चिंबोरी मात्र महोत्सवाच्या ताटात येऊ देऊ नका. दिवसभर विणीबद्दल बोलायचं आणि रात्री तीच शिजवायची, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं. आमच्या लक्षात एका सातवीतल्या मुलीने आणून दिलं.

प्लास्टिकच्या बाटल्या धक्क्याच्या वरच गोळा करा, आणि पत्रावळी वापरा. यावर जास्त लिहीत नाही.

कोरड्यावरचे कार्यक्रम

दुपारी नदीकडे जायचं नाही, तेव्हा दोन-तीन गोष्टी गावात ठेवा. मुलांसाठी ठसे: चिखलातल्या पावलांचे प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये साचे आदल्या आठवड्यात काढून ठेवा आणि कोणाचे ते ओळखायला लावा. वन विभागाच्या माणसाकडून मगरीच्या जन्माची गोष्ट सांगा. पंचवीस-तीस अंडी, वाळूत दोनेक महिने, आतल्या उष्णतेवर ठरतं नर की मादी, आणि पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात तेव्हा आई खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात सोडते. ज्या जबड्याला सगळे घाबरतात त्याच जबड्यात पिल्लं बसलेली, हे चित्र मुलं विसरत नाहीत.

जाळं विणणं, पाग फेकणं, वल्हं घडवणं याचं प्रात्यक्षिक जुन्या माणसांकडून ठेवा आणि त्यांना मानधन द्या. शाल-श्रीफळावर भागवू नका. जवळपास देवाच्या नावाने राखलेला डोह असेल तर त्याची गोष्ट जरूर सांगा. महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळणकोंडीत महाशीर मासे देवाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी मारत नाही. अभयारण्य हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक हे करत होते.

आणि उद्‌घाटन. पहिल्या वर्षी आम्ही ते धक्क्यावर केलं. दोन स्पीकर, सनई, सत्कार, तीन भाषणं. त्या सकाळी नदीत एक मगर दिसली नाही, आणि पाहुण्यांनी आम्हाला ऐकवलं ते बरोबरच होतं. आता उद्‌घाटन आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात होतं, नदीपासून लांब, आणि नऊच्या आत संपतं. पुढाऱ्यांना सकाळी होडीत बसवायचं असेल तर बसवा, मात्र रांगेतच.

पैसा

होडीवाला, पाहुणे ठेवणारं घर, वाटाड्या यांचा वाटा आधी बाजूला काढा आणि महोत्सव संपला त्याच संध्याकाळी हातात द्या. ‘हिशेब झाल्यावर बघू’ म्हणालात की पुढच्या वर्षी तीच होडी आमिष टाकून मगर दाखवणाऱ्याकडे लागलेली दिसेल. उरलेल्यातून दुर्बिणी, फलक, पुढच्या वर्षीची मोजणी. प्रायोजक घेताना एवढंच बघा की ज्याचं सांडपाणी आपल्या नदीत येतं त्याचं नाव मगरीच्या चित्राखाली छापलं जाऊ नये.

जीव सांभाळणं

घाटांवर, काठावर, पाहुण्यांच्या घराजवळच्या उतारावर ‘पाण्यात उतरू नका’ हे ठळक लिहा, आणि संध्याकाळनंतर तिथे माणूस उभा करा. काठावर बसून दारू पिणारे गट येतातच, त्यांच्यासाठी पोलीस आधीच सांगून ठेवा. प्रथमोपचार पेटी प्रत्येक होडीत, जवळचा दवाखाना आणि रुग्णवाहिका यांचे नंबर प्रत्येक वाटाड्याच्या खिशात, आणि वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक फलकावर. मगर आवारात किंवा रस्त्यावर आलेली दिसली तर घेरा घालायचा नाही, व्हिडिओ काढत पुढे जायचं नाही. लोकांना मागे घ्यायचं आणि वन विभागाची वाट बघायची.

महोत्सव संपला, काम नाही

मार्चअखेर होड्यांची फेरी बंद म्हणजे बंद. ‘एकच फेरी, आमचे पाहुणे आलेत’ ही विनंती एप्रिलभर येत राहते. वाळूच्या पट्ट्यावर घरटी दिसली तर दोन टोकांना बांबू रोवून दोर बांधा. गुरं चारणाऱ्या पोरांना स्वतः जाऊन सांगा, कारण ते अंड्यांवरून जाणार नाहीत याची खात्री दोरापेक्षा त्यांच्यामुळेच मिळते. मगरीचं घरटं कुठे आहे हे फक्त तुम्हाला, होडीवाल्याला आणि वनरक्षकाला माहीत असावं.

मे-जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी, वीतभर लांबीची पिल्लं काठच्या गवतात दिसू लागतात. तेव्हा वही काढा, तारीख घाला. मग नवं पंचांग हाती आलं की पुढच्या माघ-फाल्गुनातल्या द्वितीया-चतुर्थी शोधा, आणि त्या तारखा सगळ्यात आधी तांडेलांना सांगा. लग्नसराईत होड्या वरातीला लागतात, आणि एकदा मामांनी सुपारी घेतली की ते तुमच्या मगरीसाठी ती परत करणार नाहीत.